भिंतीवरचा चौथा नियम

१२ तारीख, मंगळवार, दुपार

भिंगरे,

तुझी चिठ्ठी पोचली. मी जिवंत आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं चालतंय. तू खातपीत असशील असं धरून चालते, कारण चिठ्ठीत त्याबद्दल एक ओळ नाही. वजन उतरवतेस म्हणे! गाडी हलकी व्हावी म्हणून ड्रायव्हरलाच उपाशी ठेवायचं, हे तुझ्या आजोबांनाही सुचलं नव्हतं, आणि त्यांना बरंच काही सुचायचं.

माझी शाळा चौथीत सुटली, अक्षरही तिथंच राहिलं. अडलीस तर मोठ्यानं वाच, कळेल.

रविवारी तुझी पहिली मोठी शर्यत, म्हणून गॅरेजच्या भिंतीवर आजोबांनी रंगानं लिहिलेले नियम तुला हवेत, आकड्यांसकट. उतरवून देते. पण शर्यतीच्या गाड्यांत पस्तीस वर्षं हवा मी भरली आहे. नियम त्यांचे, हात माझे. तेव्हा मधेमधे बोलणार, कंटाळू नकोस.

पहिला नियम, ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणात कधीच नाही. नवख्याला ठीक आहे. पण तुझा बाप वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नाही, चाक वळवत वळवत हळूहळू सोडायचा. त्यानं पुढच्या चाकांवर भार राहतो आणि गाडी नाक वळवते. तिसऱ्या वळणावर त्याला कुणी गाठू शकत नव्हतं. आजोबा भिंतीकडे बोट दाखवून ओरडायचे आणि हा बक्षीस घेऊन यायचा.

दुसरा, गाडीचं नाक बाहेर पळत असेल तर पुढच्या टायरांतली हवा कमी कर. कधी लागू पडतो, कधी नाही. आधी बघ, तूच जास्त वेगानं शिरतेस का. तू शिरत असणार. लहानपणी दारातूनसुद्धा तशीच शिरायचीस.

तिसरा, स्प्रिंग जितकी कडक तितकी गाडी जलद. गुळगुळीत रस्त्यावर असेल. खडबडीत रस्त्यावर चाक उडतं, आणि उडालेलं चाक काय धरणार?

चौथ्याचा रंग उडालाय. वाचता येत नाही.

पाचवा, गाडीला कुणी हात लावला ते विचारल्याशिवाय आत बसू नये. हा मात्र जसाच्या तसा पाळ.

आपल्या गॅरेजचा वेल्डर शुक्रवारी तिकडे येतोय, त्याच्या हाती पाठवते. बाकी सगळं ठीक.

बुधवार

पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं.

तुझा बाप जेवायला आला. शिवणयंत्रांचं दुकान बरं चाललंय त्याचं, बोटं तेलानं काळी ती काळीच. गाड्यांना अजून हात लावत नाही. मी हात धुवायला गेले तर यानं टेबलावरचा कागद उचलला. वाचला. म्हणाला, "चौथ्याचा रंग कधी उडाला?"

मी म्हटलं, "दुसऱ्याची पत्रं वाचायची नसतात."

"गेल्या महिन्यात भिंत मीच पुसली, आई. चौथा सगळ्यात ठळक आहे."

"मग तुझे डोळे चांगले आहेत. जेव."

तो जेवला. मग तसाच बसून राहिला. रेडिओवर हवामान लागलं होतं. शनिवारी, रविवारी तुमच्याकडे जोराचा पाऊस सांगितला. आम्ही दोघांनी ऐकलं आणि एकमेकांकडे बघायचं टाळून दोघंही रेडिओकडेच बघत बसलो.

चौथा नियम असा आहे. पावसात हवा दोन पौंड कमी.

आता नीट वाच. कोरड्या दिवशी मी थंड टायरात सव्वीस भरायची. चार फेऱ्यांत टायर तापतो आणि हवा आपोआप तिसावर जाते. पावसात टायर तापतच नाही. भरली तेवढीच हवा राहते. त्यात नियमाचे दोन काढले की उरले चोवीस. टायर मऊ पडतो, त्याच्या खाचा मिटतात, पाणी बाहेर फेकायला वाटच राहत नाही. मग गाडी पाण्यावर तरंगते. तरंगणाऱ्या गाडीला ब्रेक असला काय, नसला काय.

तू नऊ वर्षांची होतीस. शर्यतीच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं. तुझा बाप हेल्मेट काखेत धरून माझ्याजवळ आला. म्हणाला, "आई, आज हवा काढू नकोस. उलट वाढव. तीस कर."

मी म्हटलं, "बापापेक्षा शहाणा झालास का?" आजोबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या भिंतीवर बोट ठेवायला मी कुणाला देत नव्हते. चारही चाकांतली हवा मी माझ्या हातानं काढली. तो बघत उभा होता. मग आत बसला.

तिसऱ्या फेरीत गाडी रस्त्याकडेच्या भिंतीवर गेली. पाय तीन ठिकाणी मोडला, तो अजून तसाच ओढतो.

नंतर मागची दोन चाकं शाबूत होती, त्यांतली हवा मी मोजली. चोवीस, चोवीस. हवा मोजायचा काटा एप्रनच्या खिशात टाकला. दवाखान्यात शर्यतवाले विचारायला आले तर हा म्हणतो, "माझंच चुकलं. वळणात ब्रेक मारला." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मी होकाराची मान हलवली. तिथून सगळ्यांनी तेच धरलं, तूही. गेल्या वर्षी तू त्याला तोंडावर म्हणालीस, ब्रेक कुठे मारायचा ते ज्याला कळलं नाही त्यानं मला शिकवू नये. मी तेव्हा चहा गाळत होते. गाळतच राहिले.

तीस भरली असती तर गाडी वाचली असती का, मला माहीत नाही. त्यानं मागितली आणि मी दिली नाही, एवढं माहीत आहे.

आज मी त्याला म्हटलं, "हे तिला लिहिणार आहे."

"नको. माझ्यावर राग आहे तो राहू दे, त्याची सवय झालीय. तुझ्यावर धरला तर ती कुणाकडे येईल?"

"कुठेही जाऊ दे. रविवारी गाडीतून आपल्या पायांनी उतरू दे."

तो उठला. मला वाटलं, दुकानात चालला. तर यानं माझा काटा मागितला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा. दुकानात नेऊन उघडला, साफ केला, दुसऱ्या काट्याशी ताडून पाहिला आणि संध्याकाळी परत आणला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा एक पौंड जास्त दाखवायचा. आता बरोबर आहे."

म्हणजे चोवीसही नव्हते. तेवीस होते.

तो काटा वेल्डरकडे दिलाय. तुझ्या बापाचा निरोप असा की आकडा कुणाकडूनही उसना घेऊ नकोस, त्याच्याकडूनसुद्धा नाही. शनिवारी सरावात अठ्ठावीसवर चार फेऱ्या मार, मग तीसवर, मग बत्तीसवर. दर वेळी घड्याळ बघ आणि गाडी काय म्हणते ते ऐक. एवढं तो एका दमात बोलला. वर्षभरात माझ्याशी इतकं बोलला नव्हता.

पाचवा नियम आठव. गाडीला कुणी हात लावला ते विचारल्याशिवाय आत बसू नये. तुझ्या बापाला विचारायची गरज नव्हती, त्याला माहीत होतं. तरी बसला, कारण हात आईचा होता. तू असलं काही करू नकोस. माझ्यासाठीही नाही.

शनिवारी मला फोन करू नकोस. त्याला कर. उचलायला वेळ लावेल, पाय ओढत येतो. ठेवून देऊ नकोस.

त्या दिवशी काटा जिच्या हातात होता, ती
तुझी आजी