निकची गाडी आणि नऊ गुंडाळ्या

लार्कमीड, सस्कॅचेवान
मंगळवार

प्रिय सिग्रिडताई,

जाड कोट अंगात असताना जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तिथे एकटीला ते जिने झेपतात का? माझे गुडघे हवामान खात्याच्या एक दिवस पुढे आहेत.

लॉर्नाने (पोरगी माझी, पण हुकूम आईसारखे सोडते) मला मार्चमध्ये शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरवलंय. का, तर बाबा विसरभोळे झाले आणि गावात सोयी नाहीत. सोयी नाहीत! पोस्ट आहे, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगचं मैदान आहे, सभागृहात रोज सकाळी कॉफी आहे. डॉक्टर नाही, पण मी नुसता शिंकलो की तीन घरांतून सूप येतं. आणखी काय हवं माणसाला?

विसरभोळेपणाचं म्हणशील तर एवढंच झालं. गुरुवारी उणे चौतीस होतं, म्हणून रिवाजाप्रमाणे कॉफीला आलेल्यांच्या गाड्या इंजिन गोठू नये म्हणून बाहेर चालूच होत्या, दारांना कुलूप नाही. (तुमच्याकडे असं करून बघ, गाडी परत दिसायची नाही.) मला हॅल्व्हरसनबाईंनी चौथीत शिकवलेली ती बर्फावरची कविता आठवत होती. तिसरं कडवं अगदी जिभेवर आलेलं; ते सांडू नये म्हणून जपून गाडीत बसलो आणि घरी आलो. शेजारच्या सीटवर टोप, आत कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, वाफाळता. कुणा माउलीने ठेवला असेल म्हणून मनोमन आभार मानले आणि नऊ गुंडाळ्या खाल्ल्या. तेवढ्यात दारात निक कोवाल्चुक हजर, माझ्या गाडीतून! दोन्ही गाड्या पांढऱ्या, त्याला मी काय करू? टोप त्या दिवशीच्या कर्लिंग सामन्यानंतरच्या जेवणासाठी त्याच्या बायकोने केलेला होता.

"आर्ने, म्हाताऱ्या, गाडी चोरलीस ते जाऊ दे," तो म्हणाला. "मीठ बरोबर आहे का सांग. बायको विचारील."

"जरा कमी आहे."

"हे तिला तूच सांग. मला अजून जगायचंय." मग बसला आणि उरलेल्यातल्या दोन त्यानेही संपवल्या.

अशा माणसांना सोडून कुठे जाऊ, ताई? कडवं मात्र गेलं ते गेलंच.

तुझा धाकटा,
आर्ने

ता. क. लॉर्ना फक्त आत्याचं ऐकते. माझ्यासाठी एक शब्द टाक.

ता. क. २ : टाकू नकोस. पोस्टातल्या बर्निसनेच तिला फोन केला. "या हिवाळ्यात भलतीच गाडी नेणारा तो चौथा. पहिली मी. त्याला नेणार असशील तर आम्हा सगळ्यांनाच ने, बाई!" लॉर्ना विरघळली. राहू देतेय. अट एकच, घरात सोबतीला कुणीतरी हवं.

ता. क. ३ : ती सोबत म्हणजे तू. शनिवारी निक तुला न्यायला येतोय. त्याच्यासमोर "मला विचारलं कधी?" म्हणू नकोस, कल्पना तुझीच, असं मी गावभर सांगितलंय. माझ्या घरातल्या तुझ्या खोलीला गावकऱ्यांनी कालच रंग दिला.