वन्सं, घर आता बाहेरून दिसतं

नारायण पेठ, पुणे
गुरुवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप वन्सं,

यमुनेचा वाकून नमस्कार. (खरं वाकणं आता कंबरेला झेपत नाही, म्हणून कागदावर जरा जास्तच वाकते आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वाईची हवा कोरडी, तेव्हा बरा असेल असं मी धरून चालले आहे. दारातल्या जास्वंदीवर यंदाही मावा पडला का? आम्ही दोघं ठीक. तुमच्या भावाच्या हृदयाच्या ऑपरेशनला येत्या सोमवारी पाच महिने होतील. पहिले दोन महिने घरात टाक्यांवर बोलणं व्हायचं, आता फक्त मिठावर होतं.

तुम्ही म्हणाल, फोन असताना ही पत्र कशाला लिहीत बसली? पण दोन खोल्यांच्या घरात तुम्हाला फोनवर काही सांगायचं म्हणजे ते तुमच्या भावालाही सांगणं होतं. "गोळी घ्या" सोडून त्यांना सगळं ऐकू येतं. आत्ता हे बागेत फिरायला गेले आहेत, तेवढ्यात लिहून घेते.

आमच्या ऋतुजाला दिवाळीनंतर बाळ होणार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अडतिसाव्या वर्षी पहिलं, तेही मेलबर्नला. ती फोनवर कधी "ये" म्हणत नाही. "आई, इथे सगळी सोय असते गं," म्हणते आणि मग डिंकाच्या लाडवांची कृती विचारते. मी जायचं म्हणजे तीन महिने. यांना डॉक्टरांनी एवढ्या लांबचा विमानप्रवास मना केलेला, आणि यांना एकटं ठेवून जायला माझा जीव धजेना. शेवटी तिनेच तोड काढली. घरात एक कॅमेरा लावायचा, तो इंटरनेटला जोडायचा, म्हणजे मी तिच्या उशाशी बसून मोबाइलवर इथल्या बाबांवर लक्ष ठेवू शकेन. तुमचे भाऊ म्हणाले, "बँकेत पस्तीस वर्षं काढली. तिथे दरोडा पडला नाही, तो आता घरी पडणार आहे का?" पण नको म्हणाले नाहीत. (त्यांचा होकार असाच येतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं!)

कॅमेरा आला. संत्र्याएवढा, पांढरा, मधोमध काळी काच. मी कॉन्व्हेंटची. सिस्टर फिलोमिना सांगायच्या की मुलींनो, सूचना शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नका. बिचाऱ्या पंचवीस वर्षांपूर्वी गेल्या, पण अजून कुकरची नवी रिंग आणली तरी मला त्या मागे उभ्या असल्यासारख्या वाटतात. मी ते माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं (नऊ भाषा होत्या, त्यातली एक येत होती) आणि कॅमेरा फडताळावर ठेवून सुरू केला. माझ्या मोबाइलवर लगेच यांचं टक्कल दिसलं! इतका आनंद मला लग्नातला आल्बम बघूनही झाला नव्हता. ऋतुजाला फोन केला, तर तिला काहीच दिसेना.

मग इंटरनेटवाल्यांकडून दशरथ आले. पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे वर्ध्याकडचे, आता कात्रजला असतात. डबा (राउटरला ते डबाच म्हणतात) उघडून बघून म्हणाले, "काकू, घरातून पाह्यनं येगळं अन् बाहेरून पाह्यनं येगळं. बाहेरून येणाऱ्याले तुमचं घर सापडतच नाही. साऱ्या गल्लीचा मिळून एकच पत्ता हाये."

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चाळीस वर्षं इथे आहे. करवसुलीवाल्यांना बरा सापडतो."

"त्यायले सापडते काका. मोबाइलले नाही सापडत."

तर घरापुरता वेगळा पत्ता कंपनीकडून मागून घ्यावा लागला. त्यात चार दिवस गेले. मग डब्यात एक पोर्ट उघडायचा होता. पोर्ट म्हणजे, दशरथ सांगतात, भिंतीत पाडलेली छोटी खिडकी. तिला नंबर असतो आणि पासवर्डचं कुलूप असतं. यांनी पासवर्ड इतका अवघड केला की चोरच काय, आम्हीही दोनदा बाहेर राहिलो. सहाव्या दिवशी दशरथ म्हणाले, "उद्या सकाळी सुरू करतो. पोरीले सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी पहाटे न्हाऊन तयार. ऋतुजा तिकडे पोटावर हात ठेवून मोबाइलपुढे बसलेली. दशरथांनी खिडकी उघडली आणि ती म्हणाली, "आई, दिसतंय! पण सगळं लाल दिसतंय. घरात आग तर नाही ना लागली?" इथे माझ्या मोबाइलवरही तसंच. यांच्या जागी एक तांबडा ढग खुर्चीत बसून चहा पीत होता. दशरथांनी डबा नऊ वेळा बंद करून चालू केला. रंगांच्या सेटिंगमध्ये शिरले, बाहेर आले. कंपनीला फोन लावला, कंपनीने "आपला कॉल महत्त्वाचा आहे" म्हणून अर्धा तास गाणं ऐकवलं. ऋतुजा रडवेली झाली. शेवटी दशरथ स्टुलावर चढले, कॅमेऱ्याकडे नाकाला नाक लावून पाहिलं आणि खिशातला रुमाल काढला.

"काकू, कोणाच्या डोळ्यात कुंकू घालतेत का हो?"

वन्सं, मी तरी काय करू? तुम्हीच लग्नानंतर मला शिकवलंत की नवी वस्तू वापरायच्या आधी तिला हळदकुंकू लावायचं. मिक्सरला लावलं, स्कूटरला लावलं, या कॅमेऱ्याला एवढ्या मोठ्या कामाला पाठवायचं आणि कोरडं कसं पाठवू? पहाटे दिवा ओवाळला, साखर ठेवली आणि कुंकू लावलं. गोल वस्तूचं कपाळ मधोमधच असणार ना! (काच सोडून लावायचं, हे सिस्टर फिलोमिनांच्या सूचनांत नव्हतं आणि तुमच्याही नव्हतं. दोन्हीकडून मी राहिले.)

तुमचे भाऊ हसायला लागले. छातीवर उशी दाबून धरली (ऑपरेशननंतर खोकताना तशी धरायला सांगितली आहे) आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मेलबर्नला ऋतुजाही हसत होती, मधेच "बाबा, हळू," म्हणत होती. मला वाटलं, कॅमेऱ्याचं काम झालं, आता परत केला तरी चालेल.

परवा मी बाहेरून परीक्षा घेतली. मंडईत सरुबाईंकडे वांगी निवडता निवडता मोबाइल उघडला. घर लख्ख दिसलं. हे उठले, फडताळाशी आले, लोणच्याची बरणी काढली आणि सरळ दोन बोटं आत! मी भर मंडईत ओरडले, "अहो, बरणी ठेवा खाली!" सरुबाई हातातला तराजू तसाच धरून म्हणाल्या, "बाई, बरणी कुठली? हितं वांगी हायती. आन् अहो कुनाला म्हनताय?" तिकडे यांनी बोटं चाटून बरणीचं झाकण अगदी नीट लावलं.

तर असं आहे. यंत्र उत्तम चालतं. ऋतुजा म्हणते, आता तिकीट काढायला हरकत नाही. तुमच्या तब्येतीचं सविस्तर कळवा, गुडघ्याला जपा. तुमचा आशीर्वाद नेहमीसारखाच पाठीशी असू द्या.

तुमची,
यमुना

ता. क. – तिकीट मी अजून काढलेलं नाही. मंडईतलं सगळं वर लिहिलं नाही. बरणी ठेवल्यावर यांनी चहा केला. दोन कप भरले. घड्याळ पाहिलं, माझ्या कपावर बशी झाकली आणि स्वतःचाही न पिता बसून राहिले. मी वांगी तिथेच टाकून रिक्षाने घरी आले. वन्सं, नारायण पेठेपर्यंत रिक्षा येते, मेलबर्नहून येत नाही. कॅमेऱ्यातून दिसतं सगळं, पण समोर बसून चहा पिता येत नाही. तुम्ही तीन महिने इकडे येऊन राहाल का? मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नका. सोबतीचं नाव काढलं की "मी काय पाळण्यातला आहे?" म्हणतात. तुम्ही आपल्या गुडघा दाखवायला आल्यासारख्या या.

ता. क. दुसरा – वरचं लिहून डोळे पुसते आहे तोच फोन वाजला. हे बागेतून बोलत होते. "अगं, चार पानं झाली. ताईला इतकं काय लिहितेस?" दशरथांकडून यांनी गुपचूप स्वतःच्या मोबाइलवरही घर घेतलं आहे! चालताना दम लागला की बाकावर बसतात आणि बघतात. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "तू आहेस ना, ते." मग म्हणाले, "ताईला मी रविवारीच विचारलंय. दिवाळी झाली की येते म्हणाली. तू तिकीट काढ."

म्हणजे तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं! मग हे पत्र कशाला, म्हणून फाडायला घेतलं, तर फोन पुन्हा वाजला.

"फाडू नकोस. ताईला तुझं अक्षर आवडतं."