यादीत नाव नसलेल्या प्रोसेसरची हकीकत

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (तुझ्या मागच्या पत्राचा राग अजून आहे, पण आशीर्वाद त्यातून वगळलेत.) तुझी कंबर कशी आहे? तुझ्या बायकोचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हे तर नुसते बरे नाहीत, बोलतायत. कसे, ते सांगायलाच कागद घेऊन बसले आहे. तूही बसूनच वाच.

घशाच्या ऑपरेशनमध्ये यांचा आवाज गेला तो गेलाच, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून हे लॅपटॉपवर टाईप करतात आणि त्यातला प्रोग्रॅम ते मोठ्याने वाचून दाखवतो. ज्या माणसाने तीस वर्षं कोर्टात पुकारा केला, ज्याची हाक ऐकून रस्त्यापलीकडचे वकील हातातलं टाकून धावायचे, तो आता डब्यातून बोलतो. पण बोलतो, हे काय कमी आहे? लॅपटॉप चौदा वर्षांचा. बटणांवरची अक्षरं पार झिजलीत, कुठलं कुठे ते फक्त यांच्या बोटांना माहीत. (नवा कीबोर्डही आणून पाहिला. यांचं उत्तर तयार होईपर्यंत पाहुणे चपला घालून जिन्यात पोचायचे.) म्हणून तू लिहिलंस ना, की ते खटारं भंगारात दे, ते मी यांना वाचून दाखवलं नाही. सांगून ठेवते.

गेल्या महिन्यात पडद्यावर एक सूचना आली. यांनी सवयीने ती प्रोग्रॅमलाच वाचायला लावली आणि त्या बापड्याने आपल्याच मरणाची नोटीस सरळ सुरात वाचून दाखवली, की पहिल्या तारखेपासून मी या जुन्या सिस्टीमवर चालणार नाही, नवी टाका. मग नवी टाकायला गेलो तर ती म्हणते, तुमचा प्रोसेसर आमच्या यादीत नाही. झालं. जुन्यावर राहायचं तर हे मुके, आणि नव्यात शिरायला दारातच मज्जाव.

आता यादी म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये. हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं काढली. यादीत नाव नसलं की मान वर न करता 'पुढचा' म्हणायचं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. पहिल्यांदाच मी खिडकीच्या बाहेर उभी होते, आणि आतून मला 'पुढचा' म्हणत होतं एक यंत्र. मी कितीजणांना परत पाठवलं असेल, त्यांचे चेहरे तेव्हा बघायला हवे होते.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. (त्याला आम्ही 'अवघड आहे' म्हणतो. कुठलीही वस्तू समोर ठेवा, तो आधी हेच म्हणतो.) अवघड आहे, म्हणाला. मग लॅपटॉप उघडून त्याने आत फुंकर मारली, बराच वेळ बघत राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की प्रोसेसर काम करेल हो बाई, नुसता यादीत नाही. शिवाय एक युक्ती आहे. नवी सिस्टीम बसवताना एक ओळ टाईप करायची, की हे घरगुती यंत्र नाही, मोठ्या कार्यालयातला सर्व्हर आहे. मग यादी बघतच नाहीत. अरे, आमच्या खिडकीवर हेच तर व्हायचं. मोठ्या कचेरीतून आलोय म्हटलं की मीच उठून दार उघडत होते. इतक्या हुशार लोकांनी केलेल्या यंत्रातसुद्धा माझ्यासारखी एक बाई बसलीय, हे कळून मला धन्यच वाटलं.

ती ओळ आणि एक पेनड्राइव्ह घेऊन मी घरी आले. यांची सगळी लिहून ठेवलेली वाक्यं आधी दुसरीकडे उतरवून घेतली आणि सकाळी दहाला यांच्याकडूनच ओळ टाईप करून घेतली. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, सर्व्हर बसवत आहोत. आमच्या जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, सर्व्हर. पुढे बजावलेलं, की काही बरंवाईट झालं तर आम्ही जबाबदार नाही. ऑपरेशनच्या आधी असल्याच कागदावर मी सही केली होती, तसंच इथेही 'मान्य' दाबलं.

आणि मग लक्षात आलं, की हे होईपर्यंत यांना आवाजच नाही. चार तास हे चमच्याने टेबल वाजवून बोलत होते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, सारखं म्हणजे तू त्याला हात लावू नकोस. चौसष्ट टक्क्यांवर पडदा काळा झाला. पाच मिनिटं, दहा, वीस. पंखासुद्धा थांबला. यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. एकच शब्द होता, 'गेला?' तोंड असून मी मुकी झाले, धाकट्या, आणि हे माझ्याकडे बघत होते.

मग आत कुठेतरी घरघर झाली. एक ठिपका आला, त्याच्यामागे दुसरा, आणि गोल फिरायला लागले. चौदा वर्षांचं ते यंत्र, ज्याला जगाने मोडीत काढलं होतं, ते हळूहळू, दम खात, एकेक टक्का चढत गेलं. आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे हाताची घडी घालून बसलो होतो. शंभर झाले तेव्हा मी त्या लॅपटॉपला खरंच हात जोडले. हसायचं तर हस.

प्रोग्रॅम सुरू केला. यांनी सावकाश टाईप केलं आणि डबा बोलला, 'खिडकी लाव, वारा येतोय.' मी खिडकी लावली आणि तिथेच पडद्याआड उभी राहून पोटभर रडून घेतलं. बत्तीस वर्षांच्या संसारात इतकं सुंदर वाक्य मी ऐकलं नव्हतं.

एक मात्र झालं. नव्या सिस्टीममध्ये जुना आवाज आलाच नाही. आता हे बातम्या देणाऱ्या एखाद्या तरुण मुलीच्या आवाजात बोलतात. काल दारावर आलेल्या मीटरवाल्याशी भांडले, तर तो लाजला.

बाकी सर्व ठीक. कंबरेला शेक दे.

तुझी ताई

ता. क. खरं काम पुढेच आहे. नव्या प्रोग्रॅमला माणसाचं पाचेक मिनिटांचं जुनं बोलणं दिलं, तर तो त्याच आवाजात बोलायला शिकतो. 'अवघड आहे' म्हणतो, या प्रोसेसरला त्यासाठी चार दिवस लागतील. लागू देत. पण यांचं बोलणं घरात कुठेच नाही. लग्नकार्यांच्या व्हिडिओंत गाणी लावलेली, हे नुसते ओठ हलवतात. तू आईचं शिवणयंत्र कुणाला न विचारता देऊन टाकलंस, तेव्हा यांनी तुला फोनवर सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ठेवला होता. त्यानंतर तुम्ही दोघं बोललाच नाहीत, आणि मग ऑपरेशन झालं. तू फोनमधलं काही पुसत नाहीस, मला ठाऊक आहे. तो पाठव. ऐकवत नसेल तर न ऐकता पाठव.

ता. क. २. पत्र यांना वाचून दाखवलं (भंगाराचं तेवढं गाळून). त्या मेसेजमधलं एकही वाक्य मागे घेतलेलं नाही, असं त्या मुलीच्या आवाजात कळवायला सांगितलंय. मग बराच वेळ टाईप करत होते. म्हणाले, मेसेज संपवताना अगदी शेवटी मी त्याला 'जेवलास का' विचारलं होतं. पाठवताना तेवढं कापू नको म्हणावं.