एकशे बारा नंबरची दुरुस्ती

४ ऑक्टोबर, शुक्रवार

एकशे बारा नंबर परत आली. दीड महिना चौकशी समितीकडे होती; चौकशीचा अहवाल अजून यायचाय. कापडात गुंडाळलेली रायफल, दोरीला चिठ्ठी. कारकून म्हणाला, "इथे सही करा, उस्ताद. म्हणजे मी सुटलो." चिठ्ठीवर आमच्या बराकीतल्या मास्तरचं नाव, तो गेला ती तारीख, आणि खाली आत्महत्येचं कारण — घरगुती.

मास्तरच्या घरी कुणी विचारायला गेलं नव्हतं. त्याचे सुट्टीचे चार अर्ज कारकुनाच्या फायलीत आहेत. ती फाईल कुणी मागितली नाही.

साहेबांना विचारलं, हिचं काय करू. "साफ कर, वापरात घे. हत्यार आहे, त्याचा काय दोष?"

बरोबर आहे. दोष कुणाचाच नाही. मी अकरा वर्षं हे शस्त्रागार सांभाळतो. पहाऱ्याला जाताना माणसाचा पितळी बिल्ला घ्यायचा, रायफल आणि वीस काडतुसं द्यायची. परत आला की उलटं. त्या दिवशी मास्तरलाही मीच दिली होती. त्याचा बिल्ला अजून खिळ्यावर आहे.

५ ऑक्टोबर

एकशे बाराला गिऱ्हाईक नाही. नंबर सांगितला की पोरं शेजारच्या खाचेतल्या रायफलीकडे बोट दाखवतात. साहेबांच्या कानावर घातलं.

६ ऑक्टोबर, रविवार

तणावमुक्तीचं व्याख्यान. आठवड्याची एक सुट्टी, ती यात गेली. साडेसातला दोनशे माणसं सभागृहात, कडक इस्त्रीत. बाहेरून आलेला वक्ता पडद्यावर चित्रं दाखवत होता — समुद्र, फुलपाखरू, हसणारं कुटुंब. "तणावाशी मैत्री करा." मागून कुणीतरी हळूच, "मैत्री कसली, लग्न लागलंय आमचं." दोन रांगा हसल्या. हसणाऱ्यांची नावं लिहून घेतली गेली. शेवटी प्रत्येकाची सही — व्याख्यान समजले.

ज्याला आम्ही रेडिओ म्हणतो तो पोरगा माझ्या शेजारी होता. तो हसला नाही. कोपर मारलं तरी नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

रेडिओ हे नाव आम्हीच ठेवलेलं. कवायतीत, जेवताना, अंघोळ करतानासुद्धा बोलायचा. आता बराकीत म्हणतात, रेडिओ बंद पडलाय, बॅटरी बदला. बायकोला सातवा महिना होता. बाळ पोटातच गेलं. त्याला फोनवर कळलं. त्या गोष्टीला आता महिना होत आला. सुट्टीचा अर्ज तीनदा केला, तीनदा तोच शेरा — चौकशी पूर्ण होईपर्यंत सुट्ट्या बंद. म्हणजे सुट्टी मिळेना म्हणून मास्तर गेला, आणि मास्तर गेला म्हणून कुणालाच सुट्टी नाही! हे कागदावर मांडलं तर वेड्याचं वाटेल. पण कागदावरच आहे, शिक्क्यासकट.

आज दुपारी खिडकीशी आला. बिल्ला पुढे केला.

"एकशे बारा द्या, उस्ताद."

"तुझी एकशे चाळीस कुठे गेली?"

"तिचा पट्टा खांद्याला लागतो."

"पट्टा बदलून देतो."

"कशाला? ती कुणी घेत नाही ना, मग मी घेतो. हत्यार आहे. त्याचा काय दोष?"

साहेबांचेच शब्द. आता सगळ्या बराकीत फिरत असणार. पण याच्या तोंडून ऐकले आणि उठून एकशे बाराच्या आड उभा राहिलो. म्हटलं, ती दुरुस्तीला आहे. एकशे चाळीसच दिली. तो पहाऱ्यावरून येईपर्यंत घड्याळ बघत बसलो.

९ ऑक्टोबर

साहेबांकडे गेलो. सांगितलं, रेडिओची लक्षणं बरी नाहीत, त्याला घरी पाठवा. नाहीतर हत्यार तरी देऊ नका.

"पुरावा काय?"

"एकशे बारा मागितली, साहेब."

"मग दे की. तूच रडत होतास, कुणी घेत नाही म्हणून."

तिथून डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी महिन्याच्या तपासणीची वही काढून दाखवली. "हे बघा. झोप लागते. भूक लागते. त्याची सही आहे. मी याउपर काय लिहू?" मी म्हटलं, तो जेवत नाही, ताट तसंच ठेवतो. म्हणाले, "तुम्ही शस्त्रागार सांभाळा ना."

माणूस मरेपर्यंत तो ठीक असतो. मेल्यावर कारण घरगुती असतं. मधल्या वेळात कुणाचं काम आहे?

१० ऑक्टोबर

रेडिओला बसवून विचारलं. सरळच विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं डोक्यात आहे का. खाली बघून हसला. "तुम्ही पण व्याख्यान द्यायला लागलात."

 मग, "माझं नाव देऊ नका, उस्ताद. मला काठीवाला करू नका."

डॉक्टरांनी ज्याच्या नावापुढे खूण केली त्याची रायफल जाते. तो फाटकावर काठी घेऊन उभा राहतो. वर्षभर. बढती बंद. स्वयंपाकीसुद्धा त्याला काठीवाला म्हणून हाक मारतो. म्हणून सगळ्यांना झोप लागते, सगळ्यांना भूक लागते.

"बायको काय म्हणते?"

"फोनवर येत नाही. सासूबाई घेतात. म्हणतात, ती झोपलीये. कधीही करा, झोपलेलीच असते."

११ ऑक्टोबर

घरी फोन केला. सगळं सांगितलं. बायको चिडली. "अहो, चौदा महिने राहिलेत निवृत्तीला. साहेबाला सांगितलंत ना? डॉक्टरला सांगितलंत ना? मग झालं. नसत्या भानगडीत हात पोळून घेऊ नका." मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी तिचाच आला. "तो जेवला का आज?"

१२ ऑक्टोबर, शनिवार

पहाऱ्याची यादी लागली. सोमवारपासून रेडिओ पाण्याच्या टाकीवर. दुपारी बारा ते चार. एकटा. माणसं कमी आहेत म्हणून तिथला दुसरा माणूस काढला. यादीवर तीन सह्या आहेत. तिघांपैकी एकाने जरी वाचली असती!

१३ ऑक्टोबर, रविवार

एकशे बारा माझ्या टेबलावर. दुरुस्तीला आहे असं मीच नोंदवलंय, तेव्हा तिला हात लावला तर कुणी विचारणार नाही. फायरिंग पिन काढली. खिळ्याएवढी वस्तू. घोडा दाबला की हीच काडतुसाच्या बुडावर आदळते. कानशीने टोक घासलं. थोडं. परत बसवून पाहिलं. आणखी थोडं. आता ती बुडाला जेमतेम टेकेल, बार उडणार नाही.

पहाऱ्यावरच्या माणसाला जाणूनबुजून निकामी हत्यार देणं. याला कोर्टमार्शल आहे. पेन्शन जाईल. नियम योग्यच आहे. उद्या टाकीवर खरंच कुणी चालून आलं तर रेडिओ माझ्यामुळे मरेल. टाकीवर तीन वर्षांत एक कुत्रं आलं होतं. ही सबब कोर्टात सांगता येणार नाही.

दुसरं काय करू, सुचत नाही. सांगून झालं सगळ्यांना.

१४ ऑक्टोबर, सोमवार

"घे. दुरुस्त झाली." त्याने एकशे बारा उचलली, नंबर वाचला. थँक यू म्हणाला. चार वाजून दहा मिनिटांनी परत. वीस काडतुसं. मोजली.

१५ ऑक्टोबर

वीस.

१६ ऑक्टोबर, बुधवार

वीस. शिवाय आज थोडा बोलला. टाकीखाली म्हणे मांजरीने पिल्लं घातलीत. "त्यांची बाळंतपणाची सुट्टी मंजूर झाली, उस्ताद." मी हसलो, तोही हसला. मला वाटतं, मी मूर्ख आहे. घाबरट म्हातारा. मास्तरची सल याच्या डोक्यावर मारत बसलोय. शुक्रवारी तपासणी आहे, वरून अधिकारी येणार, एकेक रायफल उघडून बघणार. उद्या संध्याकाळी नवी पिन बसवून टाकतो. विषय संपला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

चार वाजून पाच मिनिटं. रायफल टेबलावर ठेवली. काडतुसं ओळीने मांडली, बुडं वर. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुरुस्ती नीट झाली नाही, उस्ताद."

सातव्याच्या बुडावर बारीक खूण. सुईने टोचल्यासारखी.

"माहीत आहे," म्हटलं.

खिडकी बंद केली. त्याला आत घेतलं. पेटीवर बसलाय, चहाचा पेला दोन्ही हातांत. पितो आहे. रडतोही आहे. बोलला नाही तरी चालेल. साहेब पाचला येतात. मी दोघांसाठी वेळ मागितली आहे.

पिन बदललेली नाही. काडतूस खिशात आहे. त्यांना पुरावा हवा होता.