पिळाची पट्टी

सोलापूर,
१७ मे

प्रिय समरा,

पाकिटातून कापडाची पट्टी निघाली असेल. ती उसवू नकोस. पत्र वाचून होईपर्यंत बाजूला ठेव म्हणणार होते, पण मी तुला ओळखते, तू ती एव्हाना हातात घेऊन उलटीपालटी करायला लागली असशील. कर. फक्त शिवण कुठं आहे ते लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे. चार वर्षांत एक फोन केला नाही आणि आता पत्र काय पाठवतेय, असं तुला वाटत असणार. फोन तीनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर मी पुन्हा तेच बोलले असते जे तेव्हा बोलायचे. कागदावर तसं निसटता येत नाही, निदान खोडलेलं दिसतं.

गेल्या आठवड्यात मंगळवार बाजारात तुझ्या अम्मी, लालबीखाला, भेटल्या. ऊन असं होतं की चिंचेच्या ढिगावर ताडपत्री टाकून विकणारी स्वतः तिच्याखाली बसली होती. मला बघून खाला थांबल्या, गालावरून हात फिरवला आणि एकदम रागावल्या, "लई मोठी झालीस व्हय गं? घरचा रस्ता इसरली." मग तुझ्याबद्दल सांगितलं. मोहोळच्या शाळेत तू मराठी शिकवतेस, मुलं तुझ्यावर जीव टाकतात, आणि आता नववी-दहावीचं गणित रिकामं झालंय ते तुलाच घ्या म्हणून मुख्याध्यापिका मागं लागल्यात. तू नको म्हणतेस. जून उजाडायच्या आत त्यांना कळवायचंय. खाला म्हणाल्या, "गणित मला येत न्हाय म्हनती अम्मी, पोरांचं नुकसान हुईल म्हनती. आता तूच सांग, येमेस्सी झालेल्या पोरीला गणित येत न्हाय? तू तिची दोस्त हाइस, सांग की तिला." मी मान हलवली आणि चिंच न घेताच घरी आले.

तर आधी आपल्या 'आरपार'ची खबर देते, म्हणजे माझी जरा भीड चेपेल. अजून जिवंत आहे ते. आपण दोघींनी माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सुरू केलेलं खेळणं आता सात कॉलेजांत चालतं. फळ्यावर चपटी काढलेली आकृती पोरांना पडद्यावर उचलून, फिरवून, कापून बघता यावी एवढंच आपल्याला हवं होतं. आता ते बऱ्यापैकी होतं. आपण ठेवलेली नावंही मी बदलली नाहीत. गोळ्याला 'लाडू', मधे भोक असलेल्या कड्याला 'चुंबळ', एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली वळणाऱ्या पृष्ठभागाला 'कडक भाकरी'. एका कॉलेजातले सर म्हणाले, नावं जरा शास्त्रीय करा. मी म्हटलं, करा की तुम्ही, पण मग पोरांना भाकरी सुकताना काठ का उचलतो हेही तुम्हीच समजवा. तू असतीस तर माझ्या पाठीवर थाप मारली असतीस आणि वर म्हणाली असतीस की काठ का उचलतो ते तुला तरी कुठं नीट माहितेय. खरंच नाही माहीत. महिनाभर त्यावर विचार करतेय आणि अव्वाच्या भाकऱ्या वाया घालवतेय.

सध्या दुसरंच एक डोक्यात बसलंय. पिळाची पट्टी आठवते ना? कागदाची लांब पट्टी घ्यायची, एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा आणि टोकं जोडायची. बोट फिरवत निघालं की पुढच्या बाजूवरून मागच्या बाजूवर जातं, न उचलता. म्हणजे तिला बाजू एकच. यंदा मी 'आरपार'मध्ये पृष्ठभागाच्या दोन बाजूंना दोन रंग द्यायची सोय केली. लाडवाला आतून पिवळा, बाहेरून निळा, झकास. पट्टीला दिला तर एका ठिकाणी सरळ रेघ पडली, रेघेच्या अलीकडे निळा आणि पलीकडे पिवळा. मला वाटलं माझं काहीतरी चुकलंय. सुरुवातीचा बिंदू बदलला, तर रेघ तिकडं सरकली. पट्टीचे शंभर तुकडे करून रंग ओळीने भरत गेले, तर ती शंभराव्या तुकड्याशी जाऊन बसली. पंधरा दिवस मी तिच्यामागे लागले. ती सरकते, पण जात नाही. जिला मागची बाजूच नाही तिला मागचा रंग द्यायला निघालं की कुठंतरी शिवण येणारच. इतका आनंद झाला मला समरा! आणि लगेच असं वाईट वाटलं, कारण हे सांगायला पहिलं नाव तुझं आठवलं.

आपण कसं काम करायचो ते आठव. तुझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तू घरी शिलाई मशीनच्या फळीवर कागद पसरून सूत्रं मांडायचीस, एकेक बिंदू हाताने काढून पडताळायचीस, आणि दुपारी बुरख्याच्या आत वही सांभाळत माझ्याकडे यायचीस. मी ते सूत्र कॉम्प्युटरला सांगायचे आणि पडद्यावर कसं उमटवायचं ते बघायचे. तू डोळे मिटून हवेत हात फिरवून पृष्ठभाग दाखवायचीस. अव्वा म्हणायची, पोरीला कुणी नजर लावली काय. मला सूत्र वाचून काही दिसायचं नाही. तुला दिसायचं. शिवयोगी सरांनाही ते माहीत होतं, वर्गात अवघड काही आलं की ते फळ्याकडे पाठ करून आधी तुझ्याकडे बघायचे.

आणि मग तो बुधवार. कॉलेजातल्या नव्या प्रयोगशाळेसाठी सरांना दोघींपैकी एकीला घ्यायचं होतं, आणि त्याआधी विभागातल्या सगळ्यांसमोर 'आरपार' चालवून दाखवायचं होतं. लाडू फिरला, चुंबळ फिरली, भाकरी मी वरूनच दाखवली. मग तुझी पट्टी. अख्खा महिना तू त्या सूत्रात घातला होतास. पट्टी फिरायला लागली आणि निम्मी गायब! कात्रीने कापावी तशी. आणखी फिरवली की गेलेला भाग परत येई आणि आलेला जाई. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सर चौघांत म्हणाले, "समरा, गणितात गडबड हाय गं तुझ्या. नीट तपासून आणायचं की." तू वही छातीशी धरलीस.

आठ दिवस तू ती चूक शोधलीस. सदतीस पानं भरली, ती फाईल माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी फोन करायचीस, "सिद्धू, तुला काही सापडलं का गं?" आणि मी म्हणायचे, "बघते." नवव्या दिवशी फाईल माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "चूक आहे आणि मला दिसत नाही. म्हणजे मला येतच नाही गं हे." तेव्हा पट्टी माझ्या पडद्यावर पूर्ण फिरत होती. तू विचारलंस कशी. मी म्हटलं, थोडं इकडंतिकडं करून चालवलं. तू मान डोलावलीस. तुझ्या सूत्रात मी दुरुस्ती केली असं तुला वाटलं, आणि वाटावं असंच मी बोलले होते. जागा मला मिळाली. पुढच्या महिन्यात तू मोहोळला गेलीस.

पट्टी निम्मी का गेली ते आता ऐक. विभागातले कॉम्प्युटर जुने, चित्र अडखळत फिरायचं. लाडवाची मागची बाजू बघणाऱ्याला कधी दिसत नाही, मग ती काढायचीच कशाला? म्हणून आदल्या दिवशी मी मशीनला एक ओळ सांगितली : मागची बाजू लपव. मशीन पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांनी बनवतं आणि त्रिकोणाचे कोपरे कुठल्या क्रमाने मोजलेत यावरून पुढची बाजू, मागची बाजू ठरवतं. निम्मं काम वाचलं, चित्र झरझर फिरायला लागलं. लाडू बघितला, चुंबळ बघितली आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. पट्टी बघितलीच नाही. जिला मागची बाजू नाही तिची मागची बाजू लपव म्हणून मी सांगून बसले होते, आणि ते बिचारं मशीन सापडेल तेवढं लपवत होतं. भाकरीसुद्धा वाचली ती कुणी खालून बघितली नाही म्हणून.

हे मला कसं कळलं? तुझ्या हातातल्या त्या पट्टीमुळे. अव्वा जुन्या चादरींच्या पिशव्या शिवते, तुलाही एक दिली होती. आपल्या सोलापुरी चादरीचं तर तुला माहीतच आहे, इकडून लालावर पांढरी वेल असेल तर उलटून पांढऱ्यावर लाल. त्या दिवशी पिशवीचा बंद जोडताना अव्वाच्या हातून पीळ पडला आणि लाल टोकाला पांढरं टोक शिवलं गेलं. "अय्यो, हितं लाल अन् तितं पांढरं, कसं दिसतंय बघ की," म्हणत ती उसवायला बसली. मी तिच्या हातातून हाच बंद ओढून घेतला, कॉम्प्युटरकडे गेले आणि ती एक ओळ काढून टाकली. पट्टी पूर्ण फिरली. तुझ्या सूत्राला मी हात लावला नव्हता. तेव्हाही नाही, नंतरही नाही, आजही सात कॉलेजांत तुझं सूत्र तुझ्या वहीतल्यासारखंच आहे.

तो दिवस रविवार होता, समरा. बुधवारनंतरचा रविवार. तू नवव्या दिवशी आलीस. म्हणजे पुढचे चार दिवस तू नसलेली चूक शोधत होतीस, रोज संध्याकाळी मला विचारत होतीस, आणि मी सगळं माहीत असून "बघते" म्हणत होते. का, ते सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते. सर फळ्याकडे पाठ करून तुझ्याकडे बघायचे. त्या बुधवारी ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते आणि मला ते बरं वाटलं. सोमवारी सांगू म्हटलं, मग मंगळवारी, मग तू फाईल ठेवून गेलीस आणि सांगायला जागाच उरली नाही, असं मी स्वतःला पटवलं. खालांनी बाजारात "सांग की तिला" म्हटलं तेव्हा चिंच न घेताच मी परत फिरले ती त्यामुळेच. त्यांना काय माहीत, सांगायचं होतं ते माझ्याकडेच पडून आहे.

काल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, काच पुसली आणि म्हणाले, "मी तिला चौघांत बोललो होतो, आता हेपण चौघांतच सांगावं लागंल." सोमवारी विभागात मी सदतीस पानं आणि ती एक ओळ दोन्ही मांडणार आहे. माझं काय करायचं ते ते ठरवतील. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही, ते तू तुझ्या सवडीने ठरव, नाही केलंस तरी का ते मला कळेल. मी लिहितेय ते जून उजाडायच्या आत तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून. आता त्या शिवणीवर बोट ठेव, जिथं लाल पांढऱ्याला लागतं. तिथं काही चुकलेलं नाही. बोट पुढं ने, ते पूर्ण फिरून तिथंच येईल, तू सदतीस पानांत सिद्ध केलंस तसंच. शाळेला हो म्हण, नको म्हण, मराठीच शिकव हवं तर. पण 'मला येत नाही' असं सांगून नको म्हणू नकोस. ते तुझं नाही, समरा. ते मी तुला दिलं होतं, आणि ते परत घ्यायला आज बसले आहे.

खालांना सांग, घरचा रस्ता मी विसरलेली नाही.

अजून म्हणायचा हक्क असेल तर तुझीच,
सिद्धू