हँडलचं छत की ताडपत्री?

रविवार, संध्याकाळ. पाटोदा.

अजून डोकं तापलेलंच आहे. माझ्या राहायच्या गाडीच्या बाजूला मी हँडल फिरवून उघडणारं कापडी छत बसवलं, तर पोटात दुखलं धाकट्या भावाच्या, वसंताच्या. "अक्का, कावून पायजे हे फॅड? ऊसतोडीवाले ताडपत्रीखाली सहा महिने काढतेत की!"

काढतात. पण ती बांधायला त्यांच्याकडे चार हात असतात.

ताडपत्री पुरते हे दाखवायला वसंता आज दुपारी अंगणात स्वतःच ती बांधायला निघाला. एक टोक गाडीला बांधलं, दुसरं वाऱ्याने दोनदा त्याच्याच तोंडावर आदळलं. शेवटी ओरडला, "अक्का, ते टोक धर की जरा!"

धरलं. विचारलं, "मी एकटी असेन तेव्हा हे टोक कोण धरणार?"

"तेच म्हन्तो मी. या वयात एकटीनं हिंडायचंच कशाला?"

म्हणजे दुखणं छताचं नव्हतंच! लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी हात वर करून परवानगी मागायला शिकवलं. पुढे नोकरीभर मागितली. आता नाही. मी टोक सोडलं, हँडल घेतलं आणि एकटीने छत उघडलं. वारा वाढला तसं एकटीनेच मिटलं. जोराच्या वाऱ्यात ते उघडं ठेवता येणार नाही, हे मान्य. पण मिटायला कुणाला हाक मारावी लागत नाही. एवढं मला पुरे.

हँडल उशाशी ठेवलंय. उद्या धारूर. ताडपत्री वसंताकडेच ठेवून जाते. दुसरं टोक धरायला त्याने कुणीतरी शोधावं.