आईचे सत्तर टक्के

बाबा,

मी कामावर निघाले. चित्रांची कार्डं तुम्ही काल कपाटावर टाकून दिलीत, ती काढून परत टेबलावर ठेवली आहेत. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आई एकेक शब्द पुन्हा गोळा करतेय आणि तुम्ही तिच्या चुका मोजत बसलात. मागच्या आठवड्यात आठ झाल्या, काल नऊ, एवढ्यावर तुमचं तोंड उतरलं.

अहो, मागच्या आठवड्यात कार्डं होती वीस. त्यातली बारा आली, म्हणजे साठ टक्के. काल तुम्हीच हौसेने दहा नवी घातलीत. तीसपैकी एकवीस आली, म्हणजे दहापैकी सात, म्हणजे सत्तर टक्के. माझा कान पिळून टक्केवारी शिकवलीत आणि ऐन वेळी स्वतःच विसरलात?

जेवण झाकून ठेवलंय. दोघं एकत्र जेवा.

आणि एक. सकाळी तुम्ही न बोलता फिरायला गेलात, तेव्हा आईने तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "रुसले."

हा शब्द कुठल्याच कार्डावर नाही. तो टक्क्यांत कसा धरायचा, ते तिच्या शेजारी बसून ठरवा.